एकाहत्तर हजारांची सरासरी: शेअरचे व्हॉल्यूम आणि उलाढाल वाचण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ सालच्या उत्तरार्धातले आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबातील आईंकडे, वय वर्षे ७४, दिवंगत पतींबरोबर संयुक्त नावाने घेतलेले एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीचे शेअर होते. पतींच्या पश्चात ते डिमॅट खाते त्यांच्या एकट्या नावावर झाले. मूळचे शेअर ४,५०० होते. कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे २ रुपयांच्या पाच शेअरमध्ये विभाजन केल्यानंतर ते २२,५०० झाले, आणि १९० रुपयांच्या आसपासच्या भावाने त्यांची किंमत ४२ लाख ७५ हजार रुपये भरत होती.

आईंना आपल्या हयातीतच ही रक्कम दोन मुलगे आणि एक मुलगी यांच्यात समान वाटून द्यायची होती. मुलीच्या घराचा मोठा हप्ता सहा आठवड्यांवर आला होता, म्हणून विक्रीला मुदत होती. केवळ मुलीच्या वाट्याचे ७,५०० शेअर आधी विकावेत ही सूचना आईंनी सुरुवातीलाच नाकारली. तिघांना वेगवेगळा भाव मिळाला तर पुढे त्यावरून मने दुखावतील, म्हणून सगळे विकून येणारी रक्कम एकत्र करावी आणि मगच तिचे तीन भाग करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही अट व्यवहाराच्या दृष्टीने अडचणीची वाटली तरी पुढे तीच उपयोगी पडली, कारण विक्री कितीही टप्प्यांत झाली तरी सरासरी भाव तिघांना एकच मिळणार होता.

कुटुंबाच्या करविवरणपत्रांचे काम मी पाहतो, त्यामुळे पहिल्या विक्रीनंतर हे प्रकरण माझ्याकडे आले. शेअर विकावा की ठेवावा हा प्रश्न माझ्यापुढे नव्हता. तो निर्णय झालेला होता. बाजाराच्या आकडेवारीचा अर्थ लावून विक्रीची गती ठरवायची, एवढेच काम होते. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि कंपनीचे नाव येथे दिलेले नाही, आणि आकडे परस्परांतले प्रमाण राखून सोयीच्या पूर्णांकांत आणले आहेत.

समस्या

थोरल्या मुलाचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने एका संकेतस्थळावरून कंपनीच्या वर्षभरातील दैनंदिन भावांची आणि व्हॉल्यूमची, म्हणजे व्यवहार झालेल्या शेअरच्या संख्येची, यादी उतरवून घेतली आणि तक्ता तयार केला. विभाजनापूर्वीच्या आठ महिन्यांत दररोज सरासरी ६,२०० शेअरचे व्यवहार झाले होते, तर विभाजनानंतरच्या चार महिन्यांत, म्हणजे ८२ सत्रांत, ही सरासरी ७१,००० वर गेली होती. उलाढाल त्याने भाव आणि व्हॉल्यूम यांचा गुणाकार करून स्वतःच काढली होती, आणि तीही रोजच्या ११ लाख ७८ हजार रुपयांवरून सुमारे १ कोटी ३५ लाखांवर गेलेली दिसत होती. दोन्ही आकडे अकरा पटींहून अधिक वाढले होते. त्यावरून निष्कर्ष असा निघाला की या शेअरमध्ये अलीकडे मोठा रस निर्माण झाला आहे आणि आपले २२,५०० शेअर म्हणजे एका दिवसाच्या व्यवहाराचा तिसरा हिस्साही नाही, तेव्हा ते एका सकाळी सहज खपतील.

थोरल्या मुलाने याला आणखी एक आधार जोडला. बाजारात रोज काही लाख कोटी रुपयांची उलाढाल होते असे त्याने वाचले होते. त्या समुद्रात आपले बेचाळीस लाख कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, असे तो आईंना म्हणाला.

ब्रोकरच्या शाखेतील डीलरने मात्र फोनवर सावध केले आणि आधी सहा हजार शेअर टाकून पाहण्यास सांगितले. हा सल्ला मोलाचा ठरला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यानंतर पाच मिनिटांनी, ९ वाजून २० मिनिटांनी, नातवाने आजीच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेऊन ६,००० शेअर बाजारभावाने विक्रीला लावले. त्या क्षणी खरेदीदारांची सर्वांत वरची मागणी १८९.६० रुपयांना होती आणि विक्रेत्यांचा सर्वांत खालचा देकार १९०.४० रुपयांना. पडद्यावर दिसणाऱ्या मागणीच्या पाचही थरांतले शेअर मिळून २,१०० होते. उरलेले ३,९०० शेअर त्याखालच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या मागण्यांवर आदळत गेले. शेवटचा सौदा १८१.१० रुपयांना झाला आणि ६,००० शेअरचा सरासरी भाव १८४.६० रुपये पडला. सव्वादहाच्या सुमारास शेअर पुन्हा १८९ रुपयांवर आलेला होता.

सर्वोत्तम मागणी आणि सर्वोत्तम देकार यांच्या मध्यावरचा भाव १९० रुपये धरला, तर प्रत्येक शेअरमागे ५.४० रुपये, म्हणजे २.८४ टक्के, सुटले. रक्कम ३२,४०० रुपये होते. आपल्याच ऑर्डरने भाव हलल्यामुळे सोसाव्या लागणाऱ्या या खर्चाला बाजारात इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात. निफ्टी ५० या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात समावेशासाठी १० कोटी रुपयांच्या व्यवहारावरची सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट सहा महिन्यांतल्या ९० टक्के निरीक्षणांत अर्ध्या टक्क्याच्या आत असावी लागते. येथे ११ लाखांच्या विक्रीवर तिच्या पाचपटीहून अधिक झीज झाली होती. रोज १ कोटी ३५ लाखांची उलाढाल खरोखर होत असती, तर असे घडायला नको होते. म्हणून प्रथम तो आकडाच तपासायचे ठरले.

आकड्यांची उकल

पहिला दोष विभाजनाशी निगडित होता. शेअरचे पाच तुकडे झाले की तितक्याच पैशांच्या व्यवहारात पाचपट शेअर हात बदलतात. त्यामुळे विभाजनापूर्वीचे ६,२०० शेअर आजच्या हिशेबाने ३१,००० होतात. हा फरक उलाढालीत दिसायला नको, कारण शेअर पाचपट झाले तरी भाव एक पंचमांश होतो, आणि म्हणूनच दीर्घ काळाची तुलना उलाढालीवरून करणे अधिक सुरक्षित असते. मग नातवाच्या तक्त्यात उलाढालही अकरा पटींनी का वाढली? त्याने वापरलेल्या यादीत जुने भाव विभाजनानुसार सुधारून ९५० चे १९० केलेले होते, परंतु जुने व्हॉल्यूम सुधारलेले नव्हते. सुधारलेला भाव आणि न सुधारलेले व्हॉल्यूम यांचा गुणाकार केल्यामुळे जुनी उलाढाल प्रत्यक्षाच्या एक पंचमांश दिसली. खरा आकडा ६,२०० गुणिले ९५०, म्हणजे ५८ लाख ९० हजार रुपये होता. दोन वेगळ्या आकड्यांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून कुटुंबाचा विश्वास वाढला, पण दुसरा आकडा पहिल्यापासूनच बनवलेला होता. त्याला स्वतंत्र साक्षीचे मूल्य नव्हते.

एक्सचेंज रोज संध्याकाळी जी भावपत्रिका प्रसिद्ध करते, बाजारात तिला भावकॉपी म्हणतात, तिच्यात शेअरची संख्या, रुपयांतील उलाढाल आणि सौद्यांची संख्या असे तीन स्वतंत्र स्तंभ असतात. जुन्या दिवसाची पत्रिका पुढच्या विभाजनानुसार कधीही बदलली जात नाही, त्या दिवशी जे घडले तेच तिच्यात राहते. उलाढालीला व्हॉल्यूमने भागले की त्या दिवसाचा भारित सरासरी भाव येतो, आणि तो दिवसाच्या किमान व कमाल भावांच्या मध्येच यायला हवा. नातवाने एक्सचेंजची उलाढाल घेऊन हा भागाकार केला असता, तर जुन्या दिवसांचा सरासरी भाव ९५० आणि शेजारच्या स्तंभातला भाव १९० अशी विसंगती पहिल्याच ओळीत समोर आली असती. हे गणित एका मिनिटाचे आहे, आणि कोणत्याही उतरवून घेतलेल्या यादीवर ते आधी करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एककही त्याच वेळी तपासून होते, कारण काही ठिकाणी शेअर लाखांत आणि उलाढाल कोटींत, तर काही ठिकाणी उलाढाल लाखांत किंवा थेट रुपयांत दिलेली असते. शिवाय जुलै २०२४ पासून भावपत्रिकेचा साचा बदलल्याने स्तंभांची नावे आणि क्रमही बदलले, त्यामुळे वर्षभराची यादी जोडताना चुकीचा स्तंभ उचलला जाण्याची शक्यता त्या वर्षी अधिक होती.

विभाजन बाजूला काढल्यावरही ३१,००० वरून ७१,००० ही वाढ शिल्लक राहत होती. ८२ सत्रांचे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर तिचेही कारण सापडले. त्यांपैकी एकाच दिवशी २४ लाख शेअरचे व्यवहार झाले होते. त्या दिवशीच्या सौद्यांची संख्या २,६०० होती, म्हणजे एका सौद्यामागे सरासरी नऊशेहून अधिक शेअर. एरवी याच शेअरमध्ये दिवसाला नऊशेच्या आसपास सौदे होत आणि एका सौद्यात सरासरी तीसेक शेअर असत. कंपनीच्या एकूण शेअरच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक खरेदी किंवा विक्री एका दिवसात एकाच ग्राहकाने केली, तर तो बल्क डील ठरतो आणि एक्सचेंज त्याच संध्याकाळी ग्राहकाचे नाव, शेअर आणि भाव जाहीर करते. ती यादी पाहिल्यावर एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला आपला हिस्सा विकल्याचे स्पष्ट झाले. हा व्यवहार नेहमीच्या बाजारात झाल्यामुळे तो साध्या व्हॉल्यूममध्ये मिसळला होता. ब्लॉक डीलसाठीच्या, म्हणजे मोठ्या एकगठ्ठा सौद्यांसाठीच्या, स्वतंत्र खिडकीत तो झाला असता, तर राष्ट्रीय शेअर बाजाराच्या पत्रिकेत तो वेगळ्या मालिकेखाली दिसला असता.

तो एक दिवस वगळला की सरासरी ७१,००० वरून ४२,२०० वर येते. तिमाही निकालांच्या सुमाराचे चार दिवस, ज्यांत मिळून १० लाख शेअरचे व्यवहार झाले, तेही वगळले की ती ३१,५०० वर येते. विभाजनापूर्वीचा सुधारलेला आकडा ३१,००० होता. अकरा पटींची वाढ अशी पूर्णपणे विरघळली. या शेअरमध्ये काहीही बदललेले नव्हते. क्रमाने लावलेल्या ८२ आकड्यांचा मध्य घेतला तर तो २८,००० निघतो, म्हणजे निम्म्या दिवशी याहून कमी शेअर हातबदल करतात. ज्याला एखाद्या साध्या मंगळवारी शेअर विकायचे आहेत, त्याला सरासरीपेक्षा हाच आकडा खरा उपयोगाचा आहे.

पुढचा प्रश्न होता की या २८,००० शेअरपैकी किती शेअर खरेदीदार खरोखर घरी नेतात. ग्राहकाने त्याच दिवशी घेतलेले आणि विकलेले शेअर एकमेकांतून वजा करून जे द्यावे किंवा घ्यावे लागतात, त्यांचा आकडा डिलिव्हरीचे प्रमाण म्हणून एक्सचेंज स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. या शेअरमध्ये ते साधारण ४५ टक्के होते, म्हणजे दिवसाला १२,६०० शेअर. कुटुंबाकडचा साठा जवळजवळ दोन दिवसांच्या डिलिव्हरीइतका होता. ट्रेड-टू-ट्रेड गटातल्या शेअरमध्ये मात्र डिलिव्हरी सक्तीची असल्याने हे प्रमाण आपोआप शंभर टक्के दिसते आणि त्यावरून खरेदीदारांच्या चिकाटीचा काहीच अंदाज येत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

एक चूक उलट दिशेचीही होती. यादी एकाच एक्सचेंजची होती. दुसऱ्या एक्सचेंजवर या शेअरचा मध्य आकडा ५,००० होता, म्हणून एकूण बाजार ३३,००० शेअरचा धरायला हवा होता.

थोरल्या मुलाच्या लाख कोटींच्या आकड्याचेही उत्तर द्यावे लागले, कारण त्याची शंका प्रामाणिक होती. तो आकडा डेरिव्हेटिव्ह विभागातला, म्हणजे शेअर वा निर्देशांकाच्या भावावर आधारलेल्या करारांचा, त्यातही ऑप्शनच्या नोशनल मूल्याचा, म्हणजे करार ज्यावर बेतलेला असतो त्या कागदोपत्री रकमेचा होता. निफ्टीचा २४,००० चा ऑप्शन १०० रुपये प्रीमियमने घेतला, तर तेव्हाच्या २५ च्या लॉटला खरेदीदार २,५०० रुपये देतो, पण नोशनल उलाढालीत त्याची नोंद २४,१०० (ऑप्शनचा ठरीव भाव अधिक प्रीमियम) गुणिले २५, म्हणजे ६ लाख २ हजार ५०० रुपये होते. दोन्ही आकडे नियमाप्रमाणे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. हा फरक किती महागात पडू शकतो, हे एप्रिल २०२४ मध्ये दिसले होते. ऑप्शनवरचे नियामक शुल्क प्रीमियमवर नव्हे, तर नोशनल मूल्यावर भरावे असे बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बीएसईला, म्हणजे मुंबई शेअर बाजाराला, कळवले, आणि बीएसईने जाहीर केलेली फरकाची संभाव्य रक्कम जीएसटी सोडून सुमारे १६५ कोटी रुपये होती. मुलाला हे दाखवल्यावर त्याने स्वतःच विचारले की आपल्या कंपनीच्या शेअरमध्ये रोज प्रत्यक्षात किती पैसे फिरतात. यादीतल्या एक्सचेंजवर २८,००० गुणिले १९०, म्हणजे ५३ लाख रुपये. त्यांतले डिलिव्हरीचे २४ लाख.

येथेच आणखी एक गैरसमज दूर झाला. उलाढाल म्हणजे त्या शेअरमध्ये आलेला पैसा, असे आई धरून चालल्या होत्या. प्रत्येक सौद्यात जितके पैसे एकाने दिले तितकेच दुसऱ्याने घेतले, आणि एक्सचेंज तो सौदा एकदाच मोजते. पहिल्या विक्रीच्या दिवशी एकूण ३८,००० शेअरचे व्यवहार झाले, ते नेहमीपेक्षा १०,००० ने जास्त होते. त्या संध्याकाळी पत्रिका पाहणाऱ्या एखाद्याने भाव पडला आणि व्हॉल्यूम वाढले, म्हणजे कोणी जाणकार बाहेर पडत आहे, असा अर्थ लावला असेल. त्या वाढीतले ६,००० शेअर आजींच्या खात्यातून गेले होते, आणि त्यामागे कंपनीविषयीचे कोणतेही मत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

उरलेल्या १६,५०० शेअरसाठी चार मार्ग चर्चेत आले. ब्लॉक डीलच्या खिडकीतून एकच खरेदीदार शोधण्याची कल्पना धाकट्या मुलाची होती. ती लगेच बाद झाली, कारण त्या खिडकीसाठी तेव्हा किमान १० कोटी रुपयांची ऑर्डर लागत असे, आणि पुढे ही मर्यादा २५ कोटी करण्यात आली.

दुसरा मार्ग निकालाच्या दिवसाची वाट पाहण्याचा होता. त्या दिवशी व्हॉल्यूम अनेक पटींनी वाढते, हे आकडेच सांगत होते. पण निकाल जाहीर होण्याची अपेक्षित तारीख मुलीच्या हप्त्याच्या मुदतीला भिडत होती, आणि खरेदीदार भरपूर असले तरी भाव कोणत्या बाजूला जाईल हे हाती नव्हते. ४२ लाखांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम अशा एका दिवसावर सोडण्याची आईंची तयारी नव्हती, आणि मलाही ते योग्य वाटले नाही.

तिसरा मार्ग म्हणजे उरलेले सगळे पुन्हा एकाच सकाळी बाजारभावाने विकून मोकळे होणे. थोरल्या मुलाचा कल काही काळ इकडे होता. तुकड्यातुकड्यांत विकले तर दररोज आईच्या मोबाइलवरच्या ओटीपीने शेअरची परवानगी द्यावी लागणार होती आणि प्रत्येक विक्रीच्या दिवशी डीपी शुल्कही, म्हणजे डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचे शुल्क, लागणार होते, हे त्याचे आक्षेप खरे होते. मात्र पहिल्या दिवशीचे २.८४ टक्के पुन्हा गेले असते तर ८९,००० रुपयांचा फटका बसला असता, आणि ऑर्डर जवळजवळ तिप्पट मोठी असल्याने प्रत्यक्षात तो त्याहून मोठा असता. डीपी शुल्क त्यापुढे नगण्य होते.

म्हणून चौथ्या मार्गावर, टप्प्याटप्प्याने लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाखाली न विकणारी ऑर्डर) लावून विकण्यावर, एकमत झाले. मतभेद राहिला तो गतीचा. मध्य व्हॉल्यूमच्या १० टक्के धरले तर दिवसाला २,८०० शेअर आणि सहा सत्रे लागतात. डिलिव्हरीच्या १० टक्के धरले तर १,२६० शेअर आणि तेरा-चौदा सत्रे. हळू विकण्यात भाव कमी हलतो, पण तितके दिवस बाजाराची जोखीम अंगावर राहते, आणि या दोहोंत बरोबर असे एकच उत्तर नसते. मुलीच्या हप्त्याला अजून पाच आठवडे होते, म्हणून हळू बाजूकडे झुकून दिवसाला १,५०० शेअर ठरवले.

केलेली कृती

विक्री दोन वेळांत विभागली. निम्मे शेअर साडेअकराच्या सुमारास आणि उरलेले शेवटच्या अर्ध्या तासात. बाजार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे पूर्णपणे टाळली, कारण त्या वेळी मागणीचे थर पातळ असतात हे पहिल्याच विक्रीने दाखवून दिले होते. शेवटचा अर्धा तास निवडण्याचे कारण असे की या शेअरमध्ये त्या वेळी व्यवहार वाढत, आणि दिवसाचा बंद भाव तेव्हा त्याच अर्ध्या तासाच्या भारित सरासरीवरून ठरत असल्याने भाव फारसा उडी मारत नसे. प्रत्येक ऑर्डर लिमिटची होती, आणि दोन्ही एक्सचेंजपैकी जिथे वरच्या थरात अधिक मागणी दिसेल तिथे लावली जाई.

एक नियम आधीच लिहून ठेवला. दुपारी दोनपर्यंत दोन्ही एक्सचेंज मिळून २०,००० शेअरचेही व्यवहार झाले नसतील, तर त्या दिवशी निम्मेच, म्हणजे ७५० शेअर, विकायचे. असे दोन दिवस आले. नियम आधी लिहिलेला असल्यामुळे त्या दोन दिवशी घरात वाद झाला नाही. नातवाने आजींना फक्त तो कागद दाखवला.

सातव्या सत्रात वेगळाच प्रसंग उभा राहिला. कंपनीला मोठी ऑर्डर मिळाल्याची चर्चा पसरली आणि दुपारी एकपर्यंत ३ लाख १० हजार शेअरचे व्यवहार झाले. भाव १९३ रुपयांपर्यंत गेला. उरलेले सगळे आजच विकावेत, असे दोन्ही मुलगे म्हणू लागले. आईंनी फोनवर मला विचारले, ‘‘एवढे सगळे घेणारे आज आहेत, मग आपण थांबायचे कशाला?’’ प्रश्न रास्त होता. त्या क्षणी डिलिव्हरीचा आकडा उपलब्ध नसतो, तो बाजार बंद झाल्यावरच येतो. शेवटी नेहमीच्या दुप्पट, ३,००० शेअर विकायचे ठरले आणि ते १९२ रुपयांच्या आसपास सहज गेले. त्या दिवसाचे डिलिव्हरीचे प्रमाण संध्याकाळी १८ टक्के निघाले, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉल्यूम पुन्हा ३५,००० वर आले.

आठ दिवस १,५००, दोन दिवस ७५० आणि एक दिवस ३,००० अशा रीतीने अकरा सत्रांत १६,५०० शेअर संपले.

निष्पत्ती

या शेअरना सरासरी १८९.२० रुपये भाव मिळाला. विक्री झालेल्या अकरा दिवसांचा बाजाराचा भारित सरासरी भाव, म्हणजे त्या दिवसांच्या एकूण उलाढालीला एकूण व्हॉल्यूमने भागून येणारा आकडा, १८९.६० रुपये होता. प्रत्येक शेअरमागे ४० पैसे, एकूण ६,६०० रुपये कमी मिळाले. पहिल्या ६,००० शेअरचे ११ लाख ७ हजार ६०० आणि नंतरचे ३१ लाख २१ हजार ८०० मिळून शुल्क व करापूर्वी ४२ लाख २९ हजार ४०० रुपये हाती आले. टी+१ पद्धतीमुळे प्रत्येक दिवसाची रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात जमा होत गेली आणि मुलीचा हप्ता मुदतीच्या दहा दिवस आधी भरला गेला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साडेबारा टक्के दराने दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा कर येणार होता, त्यासाठीची रक्कम वाटणीपूर्वीच बाजूला ठेवली.

या निकालात नशिबाचाही वाटा आहे, हे लपवता येणार नाही. त्या अडीच आठवड्यांत शेअर १८६ ते १९३ च्या दरम्यानच राहिला. तो १७० वर आला असता, तर टप्प्याटप्प्याची विक्री एकरकमी विक्रीपेक्षा महाग पडली असती, आणि तरीही व्हॉल्यूमचे वाचन बरोबरच राहिले असते. व्हॉल्यूम आणि उलाढाल भाव कुठे जाईल हे सांगत नाहीत. आपण आत किंवा बाहेर जाताना दार किती रुंद आहे, एवढेच ते सांगतात.

वेगळे काय करता आले असते

पहिली विक्री ही सर्वांत महागडी पायरी होती, आणि ती टाळण्यासाठी लागणारी सगळी माहिती आदल्या संध्याकाळी फुकट उपलब्ध होती. नातवाचे काम मेहनतीचे होते आणि त्याने काढलेली सरासरी गणिताने अचूक होती. कमी पडले ते आकडे एकेक करून पाहणे. ८२ ओळी डोळ्यांखालून घालायला पाच मिनिटे लागतात, आणि २४ लाखांचा आकडा त्यात लपून राहत नाही. एवढेही जमले नसते, तरी ऑर्डर लावण्यापूर्वी मागणीचे पाच थर पाहून ६,००० ऐवजी २,००० शेअर लिमिटने लावले असते तर नुकसानाचा बराच भाग टळला असता.

सातव्या सत्राच्या निर्णयाबाबत माझे मत आजही पूर्ण स्थिर नाही. विकणाऱ्याला समोरचा खरेदीदार शेअर वर्षभर ठेवणार आहे की तासाभरात विकणार आहे, याच्याशी घेणेदेणे नसते. पैसे दोघांकडूनही तितकेच येतात. डिलिव्हरीचे प्रमाण आम्ही पुढच्या अनेक दिवसांचे नियोजन करण्यासाठी वापरले, आणि त्यासाठी ते योग्य होते. पण ज्या दिवशी तीन लाख शेअर प्रत्यक्ष फिरत होते आणि पडद्यावर १९२ च्या वर हजारो शेअरची मागणी उभी होती, त्या दिवशी ३,००० ऐवजी ६,००० शेअर लिमिटने लावायला हरकत नव्हती. मागणी आटली असती तर ऑर्डर अर्धवट राहिली असती, भाव पडला नसता. आपल्या गतीचे बंधन दिवसाच्या ठरावीक आकड्याला न बांधता त्या दिवसाच्या चालू व्हॉल्यूमच्या टक्केवारीला बांधले असते, तर मंद दिवशी कमी आणि वेगवान दिवशी जास्त, हे दोन्ही एकाच नियमाने झाले असते. दोनपर्यंत २०,००० चा नियम त्या दिशेने गेला होता, पण त्याची वरची बाजू आम्ही लिहिली नव्हती.

ओटीपीचा प्रश्नही आधी सोडवता आला असता. ब्रोकरकडे डीडीपीआयचा, म्हणजे विकलेले शेअर दर वेळी ओटीपी न घेता खात्यातून काढण्याच्या परवानगीचा, अर्ज भरून दिला असता, तर आजींना अकरा दिवस दुपारच्या विश्रांतीत फोन जवळ घेऊन बसावे लागले नसते. हा अर्ज मंजूर व्हायला काही दिवस लागतात, आणि विक्रीचा विचार सुरू झाला तेव्हा हातात सहा आठवडे होते.

धाकट्या मुलाकडे याच कंपनीचे स्वतःचे ८०० शेअर आहेत आणि ते विकण्याविषयी त्याने नंतर विचारणा केली. त्याच्यासाठी यांतले काहीही करण्याची गरज नाही. ८०० शेअर मध्य व्हॉल्यूमच्या तीन टक्क्यांहून कमी भरतात, आणि साडेअकरानंतर एकाच लिमिट ऑर्डरने ते जातील.